ऋतू बदलताना प्रकृती सांभाळणं: ऋतुचर्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये पोट बिघडतं, ऑक्टोबरमध्ये पित्त उसळतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये खोकला हटता हटत नाही. "हवा बदललीये ना, म्हणून," असं म्हणून आपण गप्प बसतो. आयुर्वेद मात्र तिथे गप्प बसत नाही. हवा बदलल्यावर शरीरात काय होतं आणि ताटात काय बदलायचं, याची त्यात सविस्तर मांडणी आहे, तिलाच ऋतुचर्या म्हणतात. तिच्याबद्दल लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे घेतलं आहे. प्रश्नांचा क्रम साधारण पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा आहे.

ऋतुचर्या म्हणजे पथ्यांची यादीच ना?

यादी आहे, पण तिच्यामागे एक हिशेब आहे आणि तो कळला की यादी पाठ करावी लागत नाही. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय या विषयाला दिलेला आहे, चरकसंहितेत सूत्रस्थानाचा सहावा.

हिशेबाचा पहिला भाग बळाचा. उत्तरायणात ऊन आणि वारा शरीरातला ओलावा आणि ताकद शोषत जातात, दक्षिणायनात ती हळूहळू परत मिळते. त्यामुळे हेमंत-शिशिरात बळ सर्वांत जास्त, वसंत आणि शरदात मध्यम, ग्रीष्म आणि वर्षा ऋतूत सर्वांत कमी. पचनशक्तीचंही बरंचसं तसंच.

दुसरा भाग दोषांचा, म्हणजे वात, पित्त आणि कफ यांचा, आणि खरी गंमत इथे आहे. दोष एका ऋतूत साठतो, पुढच्या ऋतूत उसळतो आणि त्याच्या पुढच्या ऋतूत आपोआप शमतो. वात ग्रीष्मात साठतो आणि पावसाळ्यात उसळतो. पित्त पावसाळ्यात साठतं आणि शरदात उसळतं. कफ शिशिरात साठतो आणि वसंतात पातळ होऊन वाहायला लागतो. म्हणजे ऑक्टोबरच्या छातीतल्या जळजळीचं मूळ ऑगस्टच्या जेवणात असतं. आपण त्रास दिसतो त्या महिन्यात उपाय शोधतो, ऋतुचर्या आधीचा महिना तपासायला सांगते. खालची बहुतेक उत्तरं याच एका सूत्रावर चालतात.

पुस्तकातले ऋतू आणि आपल्याकडचं हवामान जुळत नाही. मग कोणते धरायचे?

अगदी बरोबर शंका. नेहमीच्या मांडणीत माघ-फाल्गुन शिशिर, चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद आणि मार्गशीर्ष-पौष हेमंत. आता आषाढ ग्रीष्मात कसा धरणार? आपल्याकडे मृग नक्षत्र 7 जूनच्या आसपास लागतं, मुंबईत पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख 11 जून आहे, आणि आषाढी वारीला निघालेले वारकरी प्लास्टिकचे कागद पांघरून चालत असतात.

जुन्या आचार्यांनाही ही अडचण माहीत होती. सुश्रुतसंहितेत दुसरीही एक मांडणी येते. तिच्यात शिशिर गाळून त्याऐवजी 'प्रावृट्' नावाचा पावसाळ्याचा पहिला भाग घेतला आहे, आणि तो आषाढ-श्रावणात पडतो. टीकाकारांनी कारणही दिलं आहे: गंगेच्या दक्षिणेला पाऊस जास्त, म्हणून तिथे प्रावृट् आणि वर्षा असे पावसाचे दोन ऋतू. उत्तरेला थंडी जास्त, म्हणून हेमंत आणि शिशिर असे थंडीचे दोन. महाराष्ट्र आणि गोवा गंगेच्या दक्षिणेलाच, तेव्हा ही दुसरी मांडणी आपल्याला जास्त लागू पडते. बाजारातल्या ऋतुचर्येच्या तक्त्यांत तिचा उल्लेख क्वचितच असतो.

व्यवहारात महिन्यापेक्षा खुणा पाहाव्यात. पापड मऊ पडायला लागले, मिठाला पाणी सुटलं, घाम वाळेनासा झाला, की वर्षा ऋतूचे नियम सुरू करा, पंचांगात ज्येष्ठ असला तरी. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ झालं आणि सकाळी नऊचं ऊन चटकायला लागलं की शरद आला. चंद्रपूरला अंग भाजत असतं तेव्हा सावंतवाडीत वळवाचे ढग दाटलेले असू शकतात. दोघांना एकच तक्ता कसा चालेल?

ऋतुसंधी नक्की कधी असते? त्या दिवसांत काय करायचं?

सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस, असा हा दोन आठवड्यांचा काळ. नियम सोपा आहे: जुन्या ऋतूच्या सवयी क्रमाक्रमाने सोडायच्या, नव्या क्रमाक्रमाने धरायच्या. एकदम सोडलं किंवा एकदम धरलं तर शरीराला न मानवल्यामुळे आजार होतात, असं वाग्भट स्पष्ट म्हणतात. त्यासाठी चतकोराचा हिशेबही दिलेला आहे. सवयीचा चौथा भाग सोडायचा, त्या जागी नव्याचा चौथा भाग घ्यायचा, थोडे दिवस थांबायचं, मग निम्मं, मग पाऊण.

स्वयंपाकघरात हे कसं उतरतं? समजा थंडी संपत आलीय आणि घरात रोज बाजरीची भाकरी होते आहे. पहिल्या टप्प्यात चार भाकऱ्यांतली एक ज्वारीची करा, दोन-तीन दिवसांनी दोन, मग तीन. गुळाची पोळी, शेंगदाण्याची चटणी, वरून घेतलेलं तेल हे सगळं त्याच गतीने खाली आणायचं. आंघोळीचं पाणी कढतवरून कोमटावर, कोमटवरून साध्यावर.

आपण नेमकं उलटं करतो. मार्चमधल्या पहिल्या तापलेल्या दुपारी एसी अठरावर, फ्रीजमधली बाटली थेट तोंडाला, रात्री आइस्क्रीम, आणि दोन दिवसांनी घसा धरला की दोष "व्हायरल"ला. विषाणू असतोच, तो कोण नाकारतंय? पण फेब्रुवारीत पुण्यात पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या वर असा फरक असतो, शरीर आधीच ओढाताणीत असतं. त्यात आपण आणखी भर घालतो.

पावसाळ्यात भूक का मंदावते? काय खावं?

उन्हाळ्याने बळ आधीच खालावलेलं असतं. त्यावर ढग, ओल, गढूळ पाणी आणि जमिनीची वाफ. या सगळ्याने जाठराग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद होतो आणि उन्हाळ्यात साठलेला वात उसळतो, असं शास्त्राचं म्हणणं. सांधे धरणं, पोटात वारा धरणं, जुनी दुखणी वर येणं हे त्याचंच रूप.

म्हणून वर्षा ऋतूत भूक चेतवणारं, पचायला हलकं आणि गरम अन्न. जुना तांदूळ, जुने गहू, जव, मुगाचं कढण, तूप. मांसाहारी असाल तर रस्सा पातळ आणि मांस पचायला हलक्या प्रकारचं. पाणी उकळूनच. दिवसा झोप नको, अतिश्रम नकोत. नदीचं पाणी पिऊ नये हेही वाग्भटांनी बजावलं आहे, आणि पहिल्या पुरानंतर नळाला येणाऱ्या चहाच्या रंगाच्या पाण्याकडे पाहिलं की त्यांचं पटतं. ज्या दिवशी झड लागलेली असते, सूर्य दिसतच नाही, त्या दिवसासाठी तर वेगळी सूचना आहे: जेवण थोडं आंबट, खारट, स्निग्ध, पण हलकं, आणि सोबत मध.

आपल्या घरांत याची सोय पूर्वीपासून आहे. मऊ भात, मेतकूट, तूप आणि लिंबाचं लोणचं यापेक्षा चांगलं पावसाळी जेवण मला तरी सुचत नाही. कोकणातलं कुळथाचं पिठलं, देशावरची लसणीची चटणी, आल्याचा तुकडा सैंधव लावून जेवणाआधी, ताकात जिरं-हिंग. जुना तांदूळ का, तर नवा तांदूळ चिकट होतो आणि पोटाला जड पडतो. वाण्याकडे "वर्षाचा जुना" असं विचारून घ्या.

आणि भजी? पाऊस पडतोय, चहा उकळतोय आणि कोणी कांदाभजी खाऊ नका म्हणतंय, असा वैद्य लोकांनी ऐकला नसता. भूक कडकडीत लागली असेल तर चार-सहा खा, रात्रीचं जेवण हलकं ठेवा. नकोत ती रोज संध्याकाळी, पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातली.

मासे श्रावणात सोडतात त्यामागे आयुर्वेद आहे का, असंही विचारलं जातं. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीच्या हंगामासाठी आणि खवळलेल्या समुद्रामुळे. नारळी पौर्णिमेचा संबंधही समुद्राशी. त्यात अग्नीचा विचार शोधायचा तर ओढूनताणून शोधावा लागेल.

पावसाळ्यात पालेभाज्या टाळायच्या म्हणतात, मग रानभाज्या कशा चालतात?

श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल वर्ज्य, हा नियम चातुर्मासाच्या व्रताचा आहे, वैद्यकाचा नव्हे. व्रत करायचं असेल तर जरूर करा. पण त्याला आयुर्वेदाचा आदेश समजू नका. तसं समजलं तर आश्विनातल्या कोजागिरीच्या दुधाचं काय करणार?

पालेभाजी टाळण्याचं व्यावहारिक कारण मात्र खरं आहे. या दिवसांत पानांना चिखल, अळ्या आणि घाणेरडं पाणी लागलेलं असतं. कच्ची कोशिंबीर किंवा नुसती वाफवलेली भाजी पोट बिघडवते. रानभाज्या आपण तशा खातच नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली यांना फोडणी, लसूण, कांदा, कधी डाळ अशी जोड असते. भारंगी उकळून पाणी टाकायचं, कारण ती कडू. शेवळं काकडांबरोबर शिजवायची आणि अळवात चिंच घालायची, नाहीतर घसा खाजतो. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत पाट्या घेऊन बसणाऱ्या बायका हे सगळं सांगतात, त्यांना विचारून घ्या. ओळख नसलेली भाजी फोटोवरून ओळखून खाऊ नका.

श्रावणातले आणि नवरात्रातले उपवास तब्येतीला चांगले का?

मंदावलेल्या अग्नीला विश्रांती म्हणून उपवास उत्तम. पण दुपारी साबुदाण्याची खिचडी, चार वाजता बटाट्याचे वेफर्स आणि रात्री दाण्याची आमटी-भगर, याला विश्रांती कशी म्हणायची? साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाच्या पिठापासून होतो, तो कंद मुळात दक्षिण अमेरिकेतला. जुन्या ग्रंथांना तो माहीतच नव्हता. पिष्ट भरपूर, वर तूप-दाणे, म्हणजे पचायला जडच.

उपवास करायचा तर राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, ताक, शिजवलेलं रताळं, फळं आणि गरम पाणी. भगर चालते, पण सुटं पीठ पावसाळी हवेत बुरशी धरतं. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे येत असतात. भगर अख्खी घ्या, निवडून-धुऊन वापरा, पीठ हवं तर घरीच दळा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी उपवास धरू नये.

दरवर्षी दसऱ्याच्या आसपास पित्त उसळतं. असं का?

कारण वर आलंच आहे. पावसाळ्यात अन्न आणि पाणी आंबटसर गुणाचं होतं, पित्त साठत राहतं, पण गारव्यामुळे ते दबून असतं. पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचं ऊन एकदम अंगावर येतं आणि साठलेलं पित्त उसळतं. आंबट ढेकर, डोकेदुखी, अंगावर पित्त उठणं, डोळे जळजळणं, तोंड येणं. मुंबईत पाऊस परतण्याची सरासरी तारीख आता 8 ऑक्टोबर धरतात, तेव्हा हा त्रास तिथे दसरा-दिवाळीत पडतो, म्हणजे नेमका फराळाच्या दिवसांत.

शरदात कडू, गोड आणि तुरट चवी जवळ करायच्या: पडवळ, दुधी, कारलं, मूग, साळीचा तांदूळ, आवळा, खडीसाखर, साजूक तूप. टाळायचं ते दही, क्षार, तेलकट, पोट तुडुंब भरेल असं जेवण, दुपारची झोप, भर उन्हात फिरणं, तीव्र मद्य आणि रात्रीच्या दवात बसणं. पावसाळ्यात चेतवलेल्या आंबट-खारट चवी इथे थांबवायच्या असतात. लोक नेमकं तेच विसरतात आणि आलं-मिरीचा काढा ऑक्टोबरातही चालूच ठेवतात.

या ऋतूत दिवसा सूर्याने तापलेलं, रात्री चंद्राने गार झालेलं आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्मळ झालेलं पाणी 'हंसोदक' म्हणून गौरवलं आहे. पावसानंतर गाळ खाली बसून पाणी नितळ होतं, हे निरीक्षण त्यामागे दिसतं. आज नितळ दिसणारं पाणी जंतुमुक्त असेलच असं नाही, तेव्हा हंसोदकही उकळून गाळूनच प्या. कोजागिरीचं आटवलेलं दूध, संध्याकाळचं चांदणं, अंगाला चंदन हे सगळं शरदचर्येला धरून आहे. फक्त मसाला दूध रात्री बाराला भेळ-मिसळीवर ओतू नये.

यमदंष्ट्रा म्हणजे काय? नाव ऐकूनच धडकी भरते.

कार्तिकाचे शेवटचे आठ दिवस आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस. शार्ङ्गधरसंहितेत या सोळा दिवसांना यमाची दाढ म्हटलं आहे आणि जो थोडं जेवतो तो तरतो, असं सांगितलं आहे. बस, उपाय एवढाच. दिवाळीचा फराळ संपवण्याचे आणि लग्नसराईची पहिली आमंत्रणं येण्याचे हेच दिवस असतात, हे लक्षात घेतलं तर सल्ला फार शहाणा वाटतो.

थंडीत भूक वाढते. मग वजन वाढायची भीती नाही का?

हेमंतात अग्नी प्रबळ होतो, त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही तर तो शरीरातल्या धातूंनाच (रक्त-मांसासारख्या घटकांनाच) पचवायला लागतो, असं शास्त्र म्हणतं. म्हणून गहू, उडीद, ऊस-गुळाचे पदार्थ, दूध-तूप, तीळ, एवढंच काय तर नवं धान्यही या ऋतूत चालतं. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू, हुरडा, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा-वांगी-गाजर-हरभऱ्याची भाजी. आवळाही याच दिवसांत चांगला मिळतो, च्यवनप्राश हिवाळ्यात सुरू करायचा तो त्यामुळेच.

पण या आहाराच्या जोडीला तेल लावून आंघोळ, व्यायाम आणि ऊन घेणंही सांगितलं आहे, ते आपण सोयीस्कर विसरतो. व्यायाम किती? थंडीत आणि वसंतात आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंत, इतर ऋतूंत त्याहून कमी. कपाळावर, काखेत घाम फुटला आणि तोंडाने श्वास घ्यावा लागला की निम्मी शक्ती झाली असं समजायचं. मे महिन्यात जिमला जोर लावणाऱ्यांनी हे वाचावं. एसी ऑफिसात नऊ तास बसून दोन डिंकाचे लाडू खाल्ले तर ते पोटावरच बसणार, अग्नीला दोष देऊ नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कफ, सर्दी, सुस्ती येते. काय करावं?

थंडीत गोठलेला कफ वसंतातल्या उन्हाने वितळतो आणि अग्नीला विझवतो. उपाय कोरडे आणि कडू-तिखट: जुने जव-गहू, ज्वारी, मूग, मध, सुंठ घालून उकळलेलं पाणी, कोमट पाण्याच्या गुळण्या, नेमाने व्यायाम, अंगाला तेलाऐवजी कोरडं उटणं. गोड, आंबट, तळलेलं, थंड आणि दुपारची झोप बंद. थंडीतले लाडू संक्रांतीनंतर हळूहळू थांबवायचे असतात, होळीपर्यंत डबा भरलेला ठेवायचा नसतो.

गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं किंवा फुलं गूळ, जिरं, हिंग, ओवा, मीठ, चिंच घालून खातात. वसंतात कडू रस हवा, या नियमाशी ते छान जुळतं. मात्र एक पान खाऊन वर श्रीखंड-पुरी हाणली तर कफाचं पारडं कुठे झुकेल ते सांगायला नको. सकाळी पाण्यातून मध घेणार असाल तर पाणी कोमट असू दे, कढत नको.

उन्हाळ्यात दही थंड म्हणून खायचं ना?

सर्वांत जास्त वाद होणारा प्रश्न. हाताला गार लागतं तेवढ्याने दही थंड ठरत नाही, आयुर्वेदाच्या मते ते गुणाने उष्ण, जड आणि आंबट विपाकाचं, म्हणजे पचल्यावरही आंबट परिणाम करणारं. वसंत, ग्रीष्म आणि शरद या तिन्ही ऋतूंत नेहमी दही खाऊ नये, रात्री तर कधीच नाही, गरम करून नाही, आणि खायचंच तर मूग, मध, तूप-साखर किंवा आवळ्याच्या जोडीने, असे नियम आहेत. दहीभात रोज खाणाऱ्या आणि ठणठणीत असणाऱ्या माणसाला हे पटत नाही, आणि पटायलाच हवं असंही नाही. सवयीने मानवलेल्या गोष्टीला शास्त्र मोकळीक देतं. पण दर एप्रिलमध्ये तोंड येत असेल, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठत असतील, तर महिनाभर दह्याऐवजी लोणी काढलेलं, पाणी घालून घुसळलेलं गोडसर ताज्या ताकावर राहून बघा.

पन्हं, कोकम सरबत, वाळ्याचं पाणी, सब्जा, सातूचं पीठ दूध-गूळ घालून, नारळपाणी हे सगळं उन्हाळ्याचं. माठातलं पाणी पुरे. वाग्भट ग्रीष्मात खारट, तिखट, आंबट कमी करा म्हणतात, ते सावलीत बसणाऱ्याला लागू. शेतात, बांधकामावर, रस्त्यावर घाम गाळणाऱ्याच्या शरीरातून मीठ जातं, त्याला मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस लागतंच.

दुपारची झोप?

फक्त उन्हाळ्यात चालते. रात्री लहान, ऊन तापलेलं, वात वाढायला लागलेला. इतर ऋतूंत लहान मुलं, वृद्ध, आजारी आणि रात्रपाळी करणारे सोडून बाकीच्यांनी वामकुक्षीवर भागवावं.

रोज काढा प्यायला हरकत आहे का?

आहे. 2020 साली आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन भाग, काळी मिरी एक भाग होती. प्रमाण माफक होतं. घराघरांत मात्र पातेलंभर काढा दिवसातून तीनदा, भर मे महिन्यातही सुरू झाला, आणि मग छातीत जळजळ आणि तोंड आल्याच्या तक्रारी. उष्ण, तीक्ष्ण द्रव्यं पावसाळ्यात आणि थंडीत, लक्षणं असताना, थोडे दिवस. ग्रीष्मात आणि शरदात नाहीच.

गुळवेलीबद्दल वेगळं सांगायला हवं. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती असा आक्षेप घेतला. वाद काहीही असो, यकृताचा किंवा स्वप्रतिकारक आजार असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, आणि इतरांनीही महिनोन्महिने नाही.

ऋतूप्रमाणे हिरडा घेतात तो कसा?

भावप्रकाशात याला ऋतुहरीतकी म्हणतात. पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर. द्रव्य एकच, सोबती ऋतूप्रमाणे बदलतो. मला ही योजना फार आवडते, कारण पूर्ण ऋतुचर्या एका चमच्यात दिसते. हिरडा आपल्याच डोंगरांतला, जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी गावांत बाळहिरडा गोळा करणं हा मोठा आधार आहे. पाव-अर्धा चमचा चूर्ण रात्री, तेही वैद्यांना विचारून. गरोदरपणात, अंगात पाणी कमी झालेलं असताना, फार कृश किंवा थकलेल्या माणसाला हिरडा देत नाहीत.

ऋतू बदलताना पंचकर्म करून घ्यावं का?

निरोगी माणसासाठीही त्याचं वेळापत्रक आहे: श्रावणात वातासाठी बस्ती (औषधी एनिमा), कार्तिकात पित्तासाठी विरेचन (औषधाने जुलाब), चैत्रात कफासाठी वमन (औषधाने उलटी). दोष उसळतो तेव्हाच तो बाहेर काढायचा, म्हणजे पुढे ओढला जात नाही. पण आधी स्नेहन-स्वेदन (तेल-तुपाचा वापर आणि घाम काढणं), नंतर पेजेपासून सुरू होणारं पथ्य हे सगळं पाळायला आठ-पंधरा दिवस लागतात. शनिवार-रविवारच्या रिसॉर्टच्या पॅकेजात मालिश होतं, पंचकर्म नाही. मालिशही छानच, फक्त नाव बरोबर घ्यावं. वमन-विरेचन नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखालीच, हृदयरोग, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण यांत परस्पर नाही.

लहान मुलांसाठी वेगळं काही?

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, चाटणातूनही नाही. वाफ देताना उकळत्या पाण्याचं पातेलं मुलाजवळ ठेवू नका, भाजण्याचे अपघात त्यातूनच होतात. बाकी तेल लावणं, मऊ-गरम खाणं, पावसात भिजल्यावर डोकं लगेच कोरडं करणं पुरेसं. लसीकरणाचं वेळापत्रक ऋतुचर्येसाठी पुढे ढकलू नये.

आम्ही ऑस्ट्रेलियात राहतो. संक्रांतीला इथे भर उन्हाळा असतो, काय करायचं?

तिळगूळ वाटा, गोड बोला, आणि जेवायला ताक-भात खा. ऋतुचर्या पंचांगाच्या तारखांना नाही, तुमच्या खिडकीबाहेरच्या हवेला बांधलेली आहे. सिडनी-मेलबर्नला डिंकाचे लाडू जून-जुलैत करावेत. लंडन-टोरांटोत थंडी लांब आणि हवा कोरडी, तेव्हा तीळतेलाचा अभ्यंग आणि स्निग्ध आहार आपल्यापेक्षा जास्त दिवस चालतो. दुबईत बाहेर पंचेचाळीस आणि आत वीस अंश असतात, तिथे दिवसात चार वेळा ऋतुसंधी होते असं समजा: आत गेल्या गेल्या बर्फाचं पाणी नको आणि अंगावर एक पातळ शाल असू द्या. अनिवासी मराठी मंडळी हेही विचारतात की तिकडे मिळणाऱ्या स्थानिक भाज्या चालतील का. तिथल्या ऋतूत तिथे पिकणारी भाजी कधीही चांगली, फ्रोझन तोंडल्यापेक्षा तर नक्कीच.

घरगुती उपाय कुठे थांबवायचे?

ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, श्वास लागला, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, अंगावर लाल ठिपके आले, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस गुंगीत गेला, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस यांचं निदान रक्त तपासूनच होतं. मुंबई-ठाण्यात तुंबलेल्या पाण्यातून, विशेषतः पायाला जखम असताना चाललात, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर चूर्ण, आसव, भस्म यांपैकी काय घेताय ते डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही सांगा, आणि भस्म-रसौषधी (धातू आणि पाऱ्यापासून केलेली औषधं) ऑनलाइन मागवून मनाने तर घेऊच नका.